ओटीसी शेअर: रोज तीन-चार कोटींचा व्हॉल्यूम, भाव मात्र खाली खाली

नवा_भिडू

नमस्कार मंडळी. अडकलोय म्हणून विचारतो. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

अमेरिकेतल्या एका ओटीसी (एक्स्चेंजवर नसलेल्या, डीलरांमार्फत चालणाऱ्या) शेअरमध्ये मी शिरलो. नाव देत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीच्या भांडणात जाईल. भाव होता ०.००६२ डॉलर, घेतले ४ लाख शेअर, म्हणजे २,४८० डॉलर लागले. ऑफिसातल्या मित्राने सांगितलं आणि मी घेतलं, माझा अभ्यास एवढाच.

तेव्हा रोजचा व्हॉल्यूम (दिवसभरात फिरलेले शेअर) ३० लाखांच्या आतबाहेर असायचा. काही दिवशी तर दिवसभरात चार-पाचच सौदे. गेल्या १५ सत्रांत मात्र तो एकदम अडीच ते चार कोटींवर गेलाय. मी म्हटलं, आलं आपलं गलबत! पण भाव रोज एकेक पायरी उतरत ०.००४१ ला आलाय. मंगळवारी तर ४ कोटी १० लाख शेअर फिरले आणि भाव दिवसभर ०.००४१ ते ०.००४२ मध्येच घुटमळला.

ज्या चॅट ग्रुपमध्ये आहे तिथले लोक म्हणतात, भाव हलत नाही आणि व्हॉल्यूम प्रचंड आहे, म्हणजे कोणीतरी मोठा माणूस गुपचूप माल गोळा करतोय. शिवाय फिन्राच्या (ब्रोकरांवर देखरेख ठेवणारी संस्था) रोजच्या फाइलमध्ये त्या दिवशीचा शॉर्ट (हातात नसलेले शेअर विकणं) व्हॉल्यूम ५८ टक्के दिसला. आणि बाजार बंद झाल्यावर ४ वाजून ७ मिनिटांनी ६० लाख शेअरचा एकच सौदा ०.००४२ ला दिसला, त्याच्यापुढे 'टी' अशी खूण. हे काय असतं?

सरासरी खाली आणायला आणखी ४ लाख घ्यावेत का, असं मनात आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

रॉकेट_राजे

भिडू, ५८ टक्के शॉर्ट!! अरे हा तर दारूगोळा आहे. अर्ध्याहून जास्त लोक शॉर्ट करून बसलेत, त्यांना कधीतरी परत विकत घ्यावंच लागणार. बाजार बंद झाल्यावरचा टी सौदा म्हणजे मार्केट मेकरने (स्वतःचे भाव लावून शेअर घेणारा-विकणारा डीलर) आतून दिलेला इशारा. ०.००४२ ला ६० लाख घेतलेत म्हणजे उद्या-परवा भाव तिथून वरच. मी असतो तर दुप्पट नाही, तिप्पट केलं असतं.

खतावणी

राजे, उत्साह आवडला, पण तुम्ही पाटी उलटी धरून वाचताय. भिडू, तू नवीन घेऊ नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी जर्सी सिटीत एका ब्रोकर-डीलरच्या बॅक ऑफिसला ९ वर्षं होते. दिवसभरातले ओटीसी सौदे फिन्राकडे नीट कळवले गेले का आणि आमच्या वहीशी जुळतात का, हे संध्याकाळी बघायचं, एवढंच माझं काम. शेअर निवडण्याची अक्कल मला आजही नाही. पण व्हॉल्यूमचा आकडा कसा तयार होतो ते मी रोज पाहिलंय, आणि तो बाहेरून दिसतो तसा आतून नसतो.

ओटीसीला एक्स्चेंज नाही. ओटीसी मार्केट्स ग्रुपच्या पडद्यावर मार्केट मेकर आपापले भाव लावतात, फोनवर किंवा मेसेजवर सौदा ठरतो, आणि सौदा झाला की १० सेकंदांच्या आत तो फिन्राच्या रिपोर्टिंग यंत्रणेला कळवायचा असतो. तुला जो व्हॉल्यूम दिसतो ती या कळवलेल्या सौद्यांची बेरीज. किती जणांना शेअर हवा होता, याची ती मोजदाद नव्हे.

समज, तू १० लाख शेअर विकायला काढलेस आणि मी घ्यायला बसलेय. तू आणि मी एकमेकांना कधीच भेटत नाही. डीलर तुझ्याकडून ०.००४१ ला स्वतःच्या नावावर घेतो, टेपवर (कळवलेल्या सौद्यांच्या यादीत) १० लाख उमटले. थोड्या वेळाने मला ०.००४२ ला विकतो, पुन्हा १० लाख. मध्ये दुसऱ्या डीलरच्या हातून गेले तर तिसऱ्यांदा १० लाख. शेअर तेच, माणसं तीच दोन, आणि चार्टवरचा खांब २० ते ३० लाखांचा. (डीलरने ग्राहकाची ऑर्डर हातात ठेवून दोन्ही बाजू त्याच भावाला उरकल्या तर मात्र टेपवर एकदाच येतं. म्हणून 'सरसकट निम्मं करा' हा जुना हिशोब सुद्धा चालत नाही.) तर तुझ्या ४ कोटी १० लाखांतले शेवटी नव्या हातात किती गेले? दोन कोटी असतील, तीन असतील. बाहेरून नक्की सांगता येत नाही.

आता तोच आकडा पैशात मांड. ४ कोटी १० लाख गुणिले ०.००४२, म्हणजे साधारण १ लाख ७२ हजार डॉलर. तुझे जुने ३० लाख गुणिले ०.००६२ म्हणजे १८,६०० डॉलर. वाढ खरी आहे, नऊपट आहे, पण 'कोटी' हा शब्द ऐकून छाती दडपण्यासारखी नाही. शेअरचा भाव सेंटच्या अंशात असला की व्हॉल्यूम आपोआप अवाढव्य दिसतो. १० सेंटच्या खालच्या शेअरला मार्केट मेकरने भाव लावायचा तर तो कमीत कमी १० हजार शेअरसाठी लावावा लागतो, हा फिन्राचाच नियम. १० हजार शेअर म्हणजे तुझ्या बाबतीत ४१ डॉलर. तेव्हा आधी उलाढाल डॉलरमध्ये, मग सौद्यांची संख्या, आणि शेअरची संख्या सगळ्यात शेवटी बघ.

आता राजेंचा दारूगोळा.

रोजच्या फाइलमधला शॉर्ट व्हॉल्यूम आणि शॉर्ट इंटरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या गोंधळापायी मी लोकांना घरातली शिल्लक घालवताना पाहिलंय. शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे अमुक तारखेला किती शेअर खरोखर शॉर्ट राहिलेत. तो महिन्यातून दोनदा येतो. रोजचा शॉर्ट व्हॉल्यूम म्हणजे त्या दिवशी कळवलेल्या विक्रीच्या सौद्यांपैकी किती सौद्यांवर 'शॉर्ट' अशी खूण होती. ती खूण का पडते ते नीट बघ. तू बाजारभावाने खरेदीची ऑर्डर टाकलीस. मार्केट मेकरकडे त्या क्षणी शेअर नाहीत. तो तुला विकून मोकळा होतो आणि दोन मिनिटांनी दुसऱ्या कोणाकडून घेऊन वही सपाट करतो. तुला केलेली विक्री शॉर्ट म्हणून नोंदली गेली. संध्याकाळी त्याच्याकडे शॉर्ट किती? शून्य. फाइलमध्ये मात्र ती विक्री कायमची शॉर्ट म्हणून बसली. फिन्राने २०१९ मध्ये यावर खुलासा करणारी सूचनाच काढली होती, कारण लोक हा आकडा असाच वाचत होते. ओटीसीत ५०-६० टक्के शॉर्ट व्हॉल्यूम हा रोजचा वरणभात आहे.

तुझ्या टी सौद्याचं उत्तरही इथेच आहे. टी म्हणजे नेहमीच्या वेळेबाहेर, साडेनऊच्या आधी किंवा चारनंतर झालेला सौदा. बस, एवढाच अर्थ. इशारा-बिशारा काही नाही.

एक संध्याकाळ मला अजून आठवते. एका फुटकळ शेअरच्या विक्रीच्या ६३ ओळी माझ्या पडद्यावर होत्या. १० हजार, २५ हजार, दीड लाख, पुन्हा १० हजार, अशा सकाळपासून ठिबक सिंचनासारख्या सोडलेल्या. प्रत्येकीवर शॉर्टची खूण. आणि ४ वाजून ११ मिनिटांनी एकच लांबलचक ओळ, ग्राहकाकडून खरेदी, टीच्या खुणेसह. ६३ ओळींची बेरीज मारली आणि ती एक ओळ. एका शेअरचाही फरक नाही. म्हणजे काय झालं होतं? ग्राहकाने सकाळी सांगितलं, 'माझे एवढे शेअर आज बाजार न पाडता विकून दे.' डीलरने दिवसभर आपल्या नावावर विकले, आणि संध्याकाळी ग्राहकाकडून तेवढेच घेऊन टाकले. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा चॅटरूममध्ये 'शॉर्टवाल्यांचा हल्ला' म्हणून आरडाओरडा. शॉर्टवाला कोणी नव्हताच! एक माणूस आपले खरेखुरे शेअर विकून घरी गेला होता. शॉर्ट म्हणून दिसत होती ती त्याची विक्री, आणि संध्याकाळची 'मोठी खरेदी' म्हणून दिसत होती तीही त्याचीच विक्री. शिवाय ते शेअर टेपवर दोनदा मोजले गेले ते वेगळंच.

तुझ्या मंगळवारच्या ६० लाखांचं नेमकं हेच झालं असं मी इथून म्हणू शकत नाही. पण ती खरेदीच आहे, असं त्या ओळीत कुठेही लिहिलेलं नसतं.

मग विचारायचं काय, तर एवढाच प्रश्न: एवढे शेअर येतायत कुठून? ३० लाखांच्या बाजारात अचानक रोज दोन-तीन कोटी विकणारा माणूस उगवला, तर त्याच्याकडे माल आला कुठून? असल्या कंपन्यांत बहुतेक वेळा उत्तर कन्व्हर्टिबल नोट असतं. कंपनीला पैसे हवे असतात, बँक दारात उभी करत नाही. कोणी ५० हजार डॉलर देतो आणि करारात लिहून घेतो की परतफेड शेअरमध्ये, तीही गेल्या २० सत्रांतल्या सर्वांत खालच्या भावावर ४० टक्के सूट घेऊन. खालचा भाव ०.००४० असेल तर त्याला शेअर पडतो ०.००२४ ला. ५० हजारांचे २ कोटी ८ लाख शेअर. ते ०.००४१ ला विकले की साधारण ८५ हजार डॉलर. त्याला भाव वर जायची काही गरज नाही. खाली गेला तरी पुढच्या खेपेला सूट तीच आणि शेअर जास्त. त्याला हवं असतं फक्त गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे तू आणि तुझा चॅट ग्रुप.

म्हणूनच भाव हलत नाही आणि व्हॉल्यूम धो धो वाहतो. 'गुपचूप गोळा करतोय' हे चित्र आणि 'गुपचूप विकतोय' हे चित्र चार्टवर अगदी जुळ्या भावंडांसारखं दिसतं. चार्ट बघून ती दोन वेगळी काढता येत नाहीत. वेगळी काढता येतात ती कागदांवरून.

तर भिडू, एवढं करून ये. ओटीसी मार्केट्सच्या साइटवर कंपनीच्या पानावर आउटस्टँडिंग (लोकांच्या हातात असलेल्या एकूण) शेअरचा आकडा असतो, शेजारी तारीख असते आणि ट्रान्सफर एजंटने (कंपनीच्या शेअरधारकांची वही सांभाळणारा) तपासलाय का तेही. तो लिहून घे. मग कंपनीने एसईसीकडे (अमेरिकेची शेअर बाजार नियामक) भरलेला शेवटचा टेन-क्यू (तिमाही अहवाल) काढ, पहिल्याच पानावर त्या वेळचा आकडा मिळेल. मग त्याच टेन-क्यूच्या मागच्या टिपणांत नोटांचा तक्ता: रक्कम, तारीख, रूपांतराची अट. तारखा नीट बघ. रूल १४४ प्रमाणे एसईसीकडे कागदपत्रं भरणाऱ्या कंपनीच्या नोटेचा धारणकाळ ६ महिने असतो. नोट दिल्यापासून सहा महिने उलटले की शेअर विकायला मोकळे. व्हॉल्यूम कधीपासून फुगला आणि सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं, ते समोरासमोर ठेव.

आणि शॉर्ट इंटरेस्टचा ताजा आकडाही आण. राजेंसाठी.

निवांत_नाना

खतावणीबाई, फारच छान लिहिलंत. माझा प्रश्न जरा वेगळ्या गल्लीतला. मी असल्या सेंटच्या फंदात पडत नाही, पण माझ्याकडे नेस्लेचे शेअर आहेत आणि तेही ओटीसीच. त्यांचा व्हॉल्यूम सकाळी भरपूर असतो आणि जेवणानंतर मरगळतो. स्प्रेडही (खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर) दुपारी रुंद झाल्यासारखा वाटतो. इतक्या मोठ्या कंपनीतही काही गडबड असते की काय?

जाता जाता, १९१३ साली नॅशनल कोटेशन ब्यूरो सुरू झाला आणि त्यांचे भाव गुलाबी कागदावर छापून डीलरांकडे जायचे, त्यावरून 'पिंक शीट्स' नाव पडलं. ही माहिती कोणी विचारली नव्हती, पण नानांना सांगायची हौस.

खतावणी

नाना, हौस असू द्या. नेस्लेत गडबड काही नाही, घड्याळ आहे. मूळ शेअर झुरिकला चालतो आणि तिथला बाजार न्यूयॉर्कच्या वेळेने बहुतेक वर्षभर सकाळी साडेअकराला बंद होतो. तोवर इथला मार्केट मेकर तुम्हाला विकतो आणि तिकडे लगेच घेऊन मोकळा होतो. झुरिक बंद झालं की त्याला रात्रभराची जोखीम अंगावर घ्यावी लागते, म्हणून तो स्प्रेड ताणतो आणि लोकही सकाळीच उरकतात.

परदेशी शेअरच्या इथल्या व्हॉल्यूमवरून तो विकायला किती सोपा आहे हे ठरवू नका. तुमचं चिन्ह पाच अक्षरी आहे आणि शेवटी वाय आहे, म्हणजे एडीआर (परदेशी शेअरच्या बदल्यात अमेरिकेत चालणारी पावती). शेवटी एफ असलेला मूळ परदेशी शेअरही ओटीसीत असतो आणि त्यात दिवसच्या दिवस एखादाच सौदा दिसतो. तरी मार्केट मेकर बरा भाव देऊ शकतो, कारण पाणी मायदेशातल्या विहिरीत असतं. फक्त तिथे मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, लिमिटच (भाव आपण ठरवलेली) टाका.

पण मायदेशात विहीरच नसेल आणि व्हॉल्यूमही नसेल, तर भावच खोटा असू शकतो. न्यू जर्सीतल्या पॉल्सबोरोच्या त्या सँडविचच्या दुकानाचं आठवत असेल. होमटाउन इंटरनॅशनल. कंपनीकडे दुकान एकच, २०१९ आणि २०२० मिळून विक्री ३६ हजार डॉलरच्याही आत, आणि २०२१ मध्ये बाजारमूल्य १० कोटी डॉलरच्या घरात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. शेअर हलायचे अगदी मोजके. तो भाव आपसातल्या सौद्यांनी वर नेल्याचा आरोप ठेवून २०२२ मध्ये एसईसीने आणि सरकारी वकिलांनी खटले भरले. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले एकूण शेअर, हा गुणाकार कागदावर कोणालाही करता येतो. त्या भावाला १ टक्का तरी माल खपेल का, हे व्हॉल्यूम सांगतो. तिथे तो ओरडून 'नाही' म्हणत होता.

रॉकेट_राजे

बाई, सगळं मान्य केलं तरी व्हॉल्यूम बघून पैसे कमावलेले लोक मी पाहिलेत. जानेवारी २०२१ मध्ये सिग्नल ॲडव्हान्स ६० सेंटवरून तीन सत्रांत ३८ डॉलरच्या वर गेला, तेव्हा टेन-क्यू कोण वाचत बसलं होतं?

खतावणी

राजे, चांगलं उदाहरण काढलंत. मस्कने 'सिग्नल वापरा' असं ट्वीट केलं ते मेसेजिंग ॲपबद्दल. लोकांनी नावात सिग्नल बघून टेक्ससमधल्या भलत्याच छोट्या कंपनीचे शेअर उचलले. व्हॉल्यूम अस्सल होता, खरेदी अस्सल होती, कंपनी तेवढी चुकीची होती. ६० सेंटला आधीच घेऊन बसलेला कमावणारच. ३८ ला घेणारेही त्याच व्हॉल्यूममध्ये आहेत, ते इथे लिहायला येत नाहीत एवढंच.

नवा_भिडू

ताई, दोन रात्री बसून केलं. आकडे देतो, चुकलं तर सांगा.

टेन-क्यूच्या पहिल्या पानावर ११८ कोटी शेअर. ओटीसी मार्केट्सच्या पानावर गेल्या शुक्रवारच्या तारखेने १४१ कोटी, ट्रान्सफर एजंटने तपासलेले. म्हणजे २३ कोटी नवे. मी हे पान आधी दहा वेळा उघडलं असेल, पण त्या ओळीकडे कधी बघितलंच नव्हतं.

नोटांच्या तक्त्यात चार नोटा, एकूण ९ लाख १० हजार डॉलर. अट तुम्ही लिहिलीत तीच, २० सत्रांतला खालचा भाव, ४० टक्के सूट. पहिल्या दोन नोटांना सहा महिने झाले त्याच आठवड्यात व्हॉल्यूम सुरू झालाय. हे बघून जरा गारच पडलो. एक वाक्य कळलं नाही: नोटवाल्याकडे कधीही ४.९९ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असणार नाहीत. मग त्याने २३ कोटी कसे घेतले?

१५ सत्रांचा व्हॉल्यूम बेरीज करून ४६ कोटी आला. शॉर्ट इंटरेस्ट ११ लाख शेअर. ११ लाखच! राजे, माफ करा.

आणि संचालकांनीही यात विकले असतील का? व्हॉल्यूम वाढला की त्यांना जास्त विकता येतं असं कुठेतरी वाचलं.

खतावणी

शाब्बास. यातलं निम्मंही बरेच जण करत नाहीत.

४.९९ टक्के ही एका वेळची मर्यादा आहे, एकूण नव्हे. ५ टक्क्यांच्या वर गेलं की नाव जाहीर करावं लागतं, ते टाळायला ती अट. ११८ कोटींचे ४.९९ टक्के म्हणजे साधारण ५ कोटी ९० लाख. तेवढे घ्यायचे, विकायचे, हात रिकामे झाले की पुन्हा घ्यायचे. म्हणून तर व्हॉल्यूम एका दिवसात न उसळता तीन आठवडे चुलीवरच्या दुधासारखा मंद उकळत राहिला. एकाहून जास्त नोटवाले असतील तर प्रत्येकाला आपापली मर्यादा.

४६ कोटी व्हॉल्यूम आणि २३ कोटी नवे शेअर, बरोबर दुप्पट. इतकं चोख जुळलं की मला बॅक ऑफिसच्या सवयीने शंकाच येते. काही सौदे एकदाच मोजले गेले असतील, काही तीनदा, आणि तुझ्यासारख्यांची जुनी देवाणघेवाणही त्यात आहेच. तरी तीन आठवड्यांतली बहुतेक विक्री या नव्या शेअरची होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता पुढचं. सुरुवातीला रूपांतर ०.००३३ च्या आसपास झालं असेल, आता ०.००२४ ला. सरासरी ०.००२८ धर. २३ कोटी गुणिले ०.००२८ म्हणजे सुमारे ६ लाख ४० हजार डॉलरच्या नोटा फिटल्या. ९ लाख १० हजारांतून वजा जाता २ लाख ७० हजार उरतात, व्याज वेगळं. आजच्या भावाने त्यांचे आणखी सव्वाअकरा कोटी शेअर होतील, आणि भाव पडला तर जास्त. टेन-क्यू नंतर नव्या नोटा काढल्या असतील तर त्या कंपनीच्या आठ-के (महत्त्वाच्या घडामोडी एसईसीला कळवायचा कागद) मध्ये शोध, तिथेही नसतील तर पुढच्या टेन-क्यूची वाट बघ. म्हणजे हा खांब इतक्यात बुटका होणार नाही. तो उंच दिसला म्हणून हुरळू नकोस. आणि एखाद्या दिवशी व्हॉल्यूम एकदम आटला आणि भाव तिथेच टिकला, तर तो दिवस मला या सगळ्या खांबांपेक्षा जास्त बोलका वाटेल.

संचालकांचं: तू वाचलेला नियम एक्स्चेंजवरच्या शेअरचा. तिथे संचालकाला तीन महिन्यांत एकूण शेअरच्या १ टक्का किंवा चार आठवड्यांचा सरासरी साप्ताहिक व्हॉल्यूम, यातलं जे जास्त ते विकता येतं. ओटीसीत फक्त १ टक्का. नियम करणाऱ्यांनाही या व्हॉल्यूमचा भरवसा वाटला नाही, असं मी म्हणते. हे माझं मत हं.

सध्या शेअर ओटीसी मार्केट्सच्या कुठल्या पायरीवर आहे तेही बघून ठेव. १ जुलै २०२५ पासून जुनं पिंक मोडून ओटीसीआयडी आणि पिंक लिमिटेड असे दोन कप्पे झालेत. कंपनीने कागद भरायचे थांबवले आणि शेअर एक्स्पर्ट मार्केटमध्ये ढकलला गेला, तर तुला भाव दिसायचेच बंद होतील आणि बरेच ब्रोकर तिथे खरेदी घेत नाहीत. मग व्हॉल्यूम वाचायचा प्रश्नच मिटला.

निवांत_नाना

भिडू, बायकोला सांगा हो. २,४८० डॉलरच आहेत, आकड्यावर रागावणार नाही. लपवल्यावर रागावेल.

नवा_भिडू

नाना, सांगितलं. ती म्हणाली, 'शून्यानंतर दोन शून्यं असलेला भाव बघूनसुद्धा तुला कळलं नाही?'

विकायचं ठरवलंय. पण आधी फक्त १० हजार शेअर ०.००४१ ला लावून टेप उघडून बसलो, ताईंनी सांगितलेलं खरंच दिसतं का बघायला. १० वाजून ४२ मिनिटं १७ सेकंदांना १० हजार, ०.००४१. माझाच सौदा, ब्रोकरची पावती त्याच सेकंदाची. चार सेकंदांनी पुढची ओळ: १० हजार, ०.००४२. त्याआधी सहा मिनिटं आणि नंतर तीन मिनिटं टेपवर काहीच नव्हतं. ते माझेच होते हे सिद्ध करता येणार नाही, पण मी त्यांना ओळखलं.

४१ डॉलरच्या विक्रीवर ६.९५ डॉलर कमिशन गेलं, त्यामुळे उरलेले ३ लाख ९० हजार एकाच ऑर्डरमध्ये लावलेत. आत्तापर्यंत १ लाख २० हजार गेले. बाकीचे रांगेत आहेत, आणि माझ्यापुढे ०.००४१ लाच कोणाची तरी २ कोटींची ऑर्डर दिसतेय.